माजी विद्यार्थी, मु. पो. खेड

माणूस आयुष्यात बऱ्याच गोष्टींचा माजी होतो. कुणी माजी आमदार होतो, कुणी माजी सरपंच होतो, कुणी सोसायटीचा माजी चेअरमन होतो. यातल्या प्रत्येकाला माजी होण्याचा काही ना काही मोबदला मिळतो. माजी आमदाराला पेन्शन मिळतं. माजी सरपंचाला लग्नात पुढची खुर्ची मिळते. माजी चेअरमनला निदान चौकशीला बोलावणं तरी येतं. माजी विद्यार्थी हा एकच माजी असा आहे, की ज्याला मिळत काहीच नाही. त्याच्याकडे फक्त मागितलं जातं.

आणि मागण्याची भाषा तरी किती गोड! ज्या कॉलेजनं आपल्याला चार वर्षं ‘रोल नंबर बेचाळीस’ यापलीकडे ओळख दिली नाही, ते कॉलेज आपण साठी ओलांडल्यावर एकाएकी ‘प्रिय सुपुत्रा’ म्हणून पत्र लिहायला लागतं. आपण शिकत असताना ती नुसती ‘संस्था’ असते. आपण माजी झालो, चार पैसे गाठीला लागले, की तिची ‘मातृसंस्था’ होते. एखाद्या बाईला असं एकदम मातृत्व प्राप्त झालं तर गावात चर्चा होईल. संस्थांना सगळं चालतं.

आमचं कॉलेज मिशनचं. मुंबईतलं. नाव सांगत नाही. सांगितलं तर माजी विद्यार्थी संघाच्या चिटणिसांच्या हाती हा लेख पडेल आणि ‘लेखनातून मिळकत आहे’ अशी नोंद माझ्या नावापुढे होईल. मराठी लेखकाला लेखनातून काय मिळतं हे चिटणिसांना समजावून देण्यापेक्षा देणगी देऊन टाकणं सोपं.

त्यांचं पत्र दरवर्षी मे-जूनमध्ये येतं. म्हणजे आंबे संपत आलेले असतात, छपरावर ताडपत्री घालायची असते, आणि नेमका त्याच वेळी खिसा रिकामा असतो. हल्ली ते पोस्टानंही येतं आणि फोनवरही येतं. फोनवरच्या पत्राखाली काळ्या ठिपक्यांचा एक चौकोन असतो. त्याच्यासमोर फोन धरला की पैसे जातात म्हणे. पण चौकोनच जर फोनमध्ये असेल तर त्याच्यासमोर धरायचा कुठला फोन? मी आमच्या हिचा फोन मागितला. ती म्हणाली, “माझा नको. कॉलेज तुमचं आणि पैसे जायचे माझे.” अर्थशास्त्राचं एवढं स्वच्छ ज्ञान मला त्या कॉलेजात चार वर्षांत मिळालं नव्हतं.

पत्रात दात्यांची प्रतवारी असते. एक लाख आणि वर देणारा तो ‘आधारस्तंभ’. पन्नास हजारवाला ‘आश्रयदाता’. दहा हजारवाला ‘हितचिंतक’. त्याखाली देणारे ‘इतर’. मी जन्मभर ‘इतर’ या सदरातच वावरलो आहे. लग्नपत्रिकेतसुद्धा माझं नाव ‘व इतर आप्तेष्ट’ यातच असतं. त्यामुळे मला त्याचं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते पुढचा मजकूर वाचून. सभागृहाचं नूतनीकरण, ग्रंथालयातल्या खुर्च्या, प्रवेशद्वाराची कमान, कमानीवरचे दिवे. आणि सगळ्यात खाली, डोळ्यांच्या डॉक्टरनं तपासणीला लावावा अशा टायपात, ‘गरजू विद्यार्थी साहाय्य निधी’.

खेडचा मुलगा त्या काळी मिशनच्या कॉलेजात कसा काय गेला, असं मला अजून लोक विचारतात. खरं म्हणजे प्रश्न उलटा विचारायला पाहिजे. मिशन आमच्या बाजूला कसं आलं? स्कॉटिश मिशनऱ्यांनी या इलाख्यात आपलं पहिलं ठाणं दिलं ते मुंबईत नाही, आमच्या बाणकोटला, १८२३ साली. पुढे ज्यांच्या नावानं मुंबईत विल्सन कॉलेज झालं ते डॉ. जॉन विल्सन १८२९ साली बोटीतून उतरले आणि मराठी शिकायला कुठे गेले? पुण्याला नाही गेले. आमच्या बाणकोट-हर्णैच्या बाजूला आले. हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव चालू असताना ज्याचं मराठी ऐकू जातं, त्याला जगाच्या पाठीवर कुठेही उपदेश करायला हरकत नाही. मग त्यांनी १८३२ साली मुंबईत शाळा काढली, तिचं यथावकाश कॉलेज झालं, आणि १८८९ साली ते चौपाटीसमोरच्या दगडी इमारतीत गेलं. म्हणजे हिशेबच मांडायचा झाला तर पहिली शिष्यवृत्ती मिशननं कोकणाला दिलेली नाही. ती कोकणानं मिशनला दिलेली आहे, मराठीच्या रूपानं. आमच्या चिटणिसांना मी हे एकदा लिहून कळवलं होतं. ‘व्याजासह वळती करून घ्यावी’ असंही लिहिलं होतं. उत्तर आलं नाही.

शिवाय स्वभावही जुळले असणार. स्कॉटलंडची माणसं काटकसरीबद्दल जगभर प्रसिद्ध आहेत. कोकणातली नाहीत, कारण प्रसिद्धीला खर्च येतो.

पुढे दापोलीला इंग्लंडच्या एस. पी. जी. मिशनची शाळा निघाली. दापोली म्हणजे आम्हाला परसदार. त्या शाळेत पांडुरंग वामन काणे शिकले, तिथून मुंबईला विल्सन कॉलेजात गेले आणि १९०१ साली बी. ए. झाले. त्यांनी पुढे काय लिहिलं? ‘धर्मशास्त्राचा इतिहास’! १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं, पाच खंड, सहा हजारांहून जास्त पानं. १९६३ साली भारतरत्न. मिशनवाल्यांनी पोराला शिकवलं आणि पोरानं श्राद्धं, सुतकं आणि प्रायश्चित्तं यांची खानेसुमारी मांडली. स्कॉटलंडातल्या कुठल्या खेड्यात, कुठल्या म्हातारीनं, रविवारच्या प्रार्थनेनंतर थाळीत पेनी टाकली असेल, ती उगवली कुठे बघा. देणगीचं हे असं आहे. पेरणाऱ्यानं पीक कुठलं यावं याचा आग्रह धरू नये.

पण त्याच मिशन शाळेत साने गुरुजीही होते. पालगडचे. पालगड आमच्या खेडहून काही फार लांब नाही. मुलगा हुशार, शाळा चांगली, मास्तर चांगले. तरी घरच्या गरिबीपायी ती शाळा सुटली, आणि औंध संस्थानात गरीब मुलांची सोय होते म्हणून ऐकून ते घाट चढून औंधला गेले. म्हणजे शाळा चांगली असून भागत नाही. दोन वेळच्या भाताची सोय लागते. ती नसेल तर भूगोल आपोआप शिकून होतो.

मात्र भाताची सोय करणारा नेहमी पैसेवालाच असतो असंही नाही. कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे मिशनच्याच विल्सन हायस्कुलात मास्तर होते. मास्तर म्हणजे पैसेवाला नव्हे, हे सांगायला नकोच. संध्याकाळी ते चर्नी रोडच्या बागेत जाऊन बसत. तिथे एक मुलगा रोज पुस्तक घेऊन वाचत बसलेला दिसे. त्याची त्यांनी आपण होऊन चौकशी केली. मुलगा मूळ मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचा. तो १९०७ साली मॅट्रिक झाला तेव्हा केळुसकरांनी त्याला आपण लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं, आणि पुढचं शिक्षण पैशावाचून अडतं आहे असं दिसल्यावर सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकून महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. त्या मुलाचं नाव भीमराव रामजी आंबेडकर. केळुसकरांच्या खिशातून यात एक पुस्तक गेलं आणि थोडी चप्पल झिजली. आमच्या चिटणिसांच्या प्रतवारीत ते ‘इतर’मध्येसुद्धा बसले नसते.

नावाची हौस मला समजत नाही असं नाही. माणसाला आपलं नाव दगडावर बघायला आवडतं. फक्त ते स्वतः बघता यावं एवढीच अट असते. अमेरिकेत येल विद्यापीठ आहे. पूर्वी ते तिथल्या पाद्र्यांनी पाद्री तयार करण्यासाठी काढलेलं एक साधं कॉलेज होतं. आपल्या मद्रासला पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर राहिलेल्या एलिहू येल नावाच्या गृहस्थानं १७१८ साली त्या कॉलेजला मालाच्या नऊ गठड्या, चारशेच्या वर पुस्तकं आणि राजाची एक तसबीर पाठवली. गठड्या विकून ५६२ पौंड आले आणि कॉलेजला त्याचं नाव लागलं. नऊ गठड्यांत तीनशे वर्षं! याला म्हणतात व्यापार. आमच्या खेडच्या बाजारपेठेतल्या कापडवाल्याला मी ही हकिगत सांगितली, तेव्हा तो बराच वेळ आपल्या फळ्यांकडे बघत बसला.

नावात वाईटच काही असतं असंही नाही. महर्षी कर्व्यांचा जन्म १८५८ सालचा, आमच्याच खेड तालुक्यातल्या शेरवलीचा. त्यांच्या महिला विद्यापीठाला सर विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० साली १५ लाख रुपये देऊ केले आणि विद्यापीठाला आपल्या आईचं नाव लावलं. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. एवढं लांब नाव, पण लाखो मुलींच्या पदवीवर ते छापून गेलं. आईला याहून चांगली साडी कोण घेणार? पण लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की याच कर्व्यांनी त्याच्या तीसेक वर्षं आधी आपल्या गावासाठी ‘मुरुड फंड’ काढला होता, तो मुरुडकरांच्या बारीकसारीक वर्गणीवर. आधी रुपये जमवायची सवय लागते, मग लाख येतात. आम्ही लाखापासून सुरुवात करायला बघतो आणि कमानीपर्यंत येऊन थांबतो.

माझ्या स्वतःच्या शिक्षणाची कथा एका कारकुनाच्या एका वाक्याएवढी आहे. १९७१ साली मी कॉलेजच्या वसतिगृहात राहत होतो. खानावळीचे महिना पंच्याहत्तर रुपये होत. घरून मनिऑर्डर यायची चाळीसची, आणि तिच्या खालच्या कुपणावर वडलांच्या अक्षरात ‘जपून वापरणे’. मी जपून वापरत होतो, पण पंच्याहत्तरातून चाळीस गेले की पस्तीस उरतात, हे जपून वापरल्यानं बदलत नाही. मग कुणीतरी सांगितलं म्हणून अर्ज केला. महिनाभरानं ऑफिसातल्या कारकुनानं बोलावून सांगितलं, “तुझं खानावळीचं बिल एका माजी विद्यार्थ्यानं घेतलंय. तीन वर्षं. नाव सांगू नका म्हणालाय. तुमच्याच बाजूचा आहे.” तुमच्याच बाजूचा! त्यानंतर कितीतरी वर्षं मी खेड-दापोली-चिपळूणच्या प्रत्येक सुस्थितीतल्या म्हाताऱ्याकडे संशयानं बघत आलो. एस.टी.त कुणी मला बसायला जागा दिली तरी वाटायचं, हाच तो. शोध लागला नाही. आता तर त्या वयाचं कुणी उरलेलंच नाही, आणि बाजूच्या लोकांच्या संशयाला मी स्वतः पात्र झालो आहे. सुस्थितीचा भाग सोडून.

तर यंदा पत्र आलं तेव्हा खेडमधल्या माजी विद्यार्थ्यांची सभा घ्यायची ठरली. आम्ही सगळे मिळून सात. एक वकील, एक डॉक्टर, एक काजूचे व्यापारी, लोट्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक केमिस्ट, कुवेतला पंचवीस वर्षं काढून आलेले एक भाई, हायस्कुलातले गणिताचे निवृत्त मास्तर आणि मी. सभा रविवारी डॉक्टरांच्या दवाखान्यात भरली, कारण रविवारी दवाखाना बंद असतो आणि बाकं मोकळी असतात. बाकांवर बसल्यावर सवयीनं प्रत्येकजण आपापल्या प्रकृतीविषयी बोलू लागला. त्यात अर्धा तास गेला.

मग वकीलसाहेब म्हणाले, “सभागृहातल्या पहिल्या रांगेतल्या सात खुर्च्या आपण घेऊ. प्रत्येकीच्या पाठीवर एकेकाचं नाव.”

“म्हणजे तुमच्या नावावर पाठ टेकून दुसराच कुणी झोपणार,” डॉक्टर म्हणाले.

काजूवाल्यांनी खुर्चीवर नावाखाली दुकानाचा पत्ता बसेल का, अशी पृच्छा केली. केमिस्टना प्रयोगशाळेला काहीतरी द्यायचं होतं, कारण विद्यार्थी असताना त्यांनी तिथली बरीच काच फोडली होती. भाई म्हणाले, “पाण्याची टाकी देऊ. पाणी पाजणं आमच्याकडे सगळ्यात मोठं पुण्य.” यावर मला आमच्या वेळची टाकी आठवली. तिच्यावर एका दात्याचं ठळक नाव होतं आणि तिला पाणी कधीच नसायचं. रोज शेकडो मुलं त्यांचं नाव घेत. काय म्हणून घेत, ते सोडा.

मास्तर इतका वेळ गप्प होते. गणिताचा माणूस उत्तर तयार झाल्याशिवाय बोलत नाही. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. महिपतगडाच्या पायथ्याकडच्या एका वाडीतली मुलगी. बारावीला उत्तम मार्क. आमच्याच कॉलेजात बी. एस्सी.ला नंबर लागलेला. बापाची थोडी भातशेती, आई काजूच्या कारखान्यात सोलायला जाते. मास्तरांनी होते नव्हते ते सगळे सरकारी फॉर्म तिच्याबरोबर बसून भरले होते. फीचं जमलं होतं. मुंबईत राहण्या-जेवण्याचं जमत नव्हतं. वर्षाला ५२,००० रुपये. पंधरा दिवसांत पहिली रक्कम भरली नाही तर खोली दुसऱ्या मुलीला जाणार.

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग माणसाला पैसे द्यायचे नसले म्हणजे जे प्रश्न पडतात, ते सगळ्यांना एकदम पडले. 

“शिकून ती परत खेडला येणार आहे का?” वकीलसाहेब.

“आपण आलो का? आलो ते रिटायर झाल्यावर,” केमिस्ट.

“पण खानावळीला दिलं तर पाटी कुठे लावायची?” काजूवाल्यांनी मूळ मुद्द्यालाच हात घातला. खुर्चीवर नाव लागतं, कपाटावर लागतं, कमानीवर तर लागतंच लागतं. भाकरीवर लावता येत नाही. लावलंच तर ती खाऊन टाकतात.

“निदान तिला बोलावून चेक देताना फोटो काढू,” वकीलसाहेब म्हणाले. “पेपरात येईल. इतरांना प्रेरणा.”

याच वेळी कोपऱ्यातल्या बाकावरून आवाज आला, “मास्तर, आकडा किती म्हनलात?”

बघतो तर तात्या. एस.टी.तले निवृत्त कंडक्टर. रविवार आहे हे विसरून ब्लडप्रेशर तपासायला आले होते आणि माणसं बसलेली बघून नंबर लावून बसले होते.

“बावन्न हजार,” मास्तर म्हणाले.

“सातांत भाग जात नाय.”

मास्तरांनी डोळे मिटले. “सात हजार चारशे अठ्ठावीस रुपये सत्तावन्न पैसे.”

“तेच म्हनतो. सुट्ट्या पैशांचा घोळ व्हनार. आठांत जातो. साडेसहा हजार.”

“बरोबर आहे. पण आठवा कोण?”

“मी.”

वकीलसाहेब समजूत घालण्याच्या सुरात म्हणाले, “तात्या, ही माजी विद्यार्थ्यांची सभा आहे.”

“मी अर्धा माजी हाय की वो,” तात्या म्हणाले. “एकाहत्तर साली एक टर्म होतो मी तुमच्या कॉलेजात. नंतर बाबा गेले. खानावळीचं बिल तुंबलं. पाटीचं काय बोलता तुमी, माझं नाव तर तवाच पाटीवर लागलं होतं. थकबाकीदारांच्या. पंधरा दिवस होतं. येता-जाता सगळी पोरं वाचायची.”

दवाखान्यात वर पंखा फिरत होता, तेवढाच काय तो आवाज.

“मग निधीसाठी अर्ज नाही केला?” डॉक्टरांनी विचारलं.

“केला की. पन ती वर्षाला एकालाच मिळायची.” तात्यांनी हे माझ्याकडे न बघता म्हटलं. ते किती काळजीपूर्वक माझ्याकडे बघत नव्हते, ते मला दिसलं. पन्नास वर्षं आम्ही एका गावात होतो. त्यांच्या गाडीनं मी शेकडो वेळा दापोलीला गेलो असेन. त्यांनी मला तिकीट दिलं, सुट्टे पैसे दिले, आणि ही गोष्ट कधी दिली नाही.

“मग?” 

“मग काय? एस.टी.त लागलो. खेड-दापोली. सकाळच्या गाडीला सगळी कॉलेजचीच पोरं. मी जेवढी पोरं शिकायला पोचवली, तेवढी तुमच्या कॉलेजनं पन नसतील पोचवली.” ते हसले आणि मग सगळेच हसले. हसण्याची फार गरज होती.

तात्यांच्या अटी दोन. पोरीला कुठे उभी करून फोटो काढायचा नाही, आणि तिचं नाव कुठल्या फळ्यावर लागता कामा नये. ना थकबाकीत, ना मदतीत. “उपाशी पोराला आपलं नाव मोठ्यानं वाचलेलं सोसत नाय,” ते म्हणाले. आपल्याकडे गुप्तदान म्हणून प्रकार आहे. कोहळ्यात सोनं भरून तो दान द्यायचा, म्हणजे घेणाऱ्याला लाज नाही आणि देणाऱ्याला मिरवायला जागा नाही. ज्यानं हे काढलं त्यालाही कधीतरी कुणापुढे हात पसरावा लागला असणार.

पुढचं काम दहा मिनिटांत झालं. साडेसहा हजार गुणिले आठ. तीन वर्षं. भाईंनी रेल्वेच्या तिकिटांचं वेगळं घेतलं. काजूवाल्यांनी दर दिवाळीला दोन किलो काजू धाडायचं कबूल केलं, आणि डब्यावर दुकानाचं नाव छापलेलंच असतं त्याला इलाज नाही, असंही सांगितलं. माझ्या वाट्याशिवाय मी आणखी काही दिलं की नाही, ते इथे सांगता येत नाही. उजव्या हातानं दिलेलं डाव्या हाताला कळू देऊ नये, असं येशू ख्रिस्तानं सांगितलंय, हे आम्हाला कॉलेजात नीतिशिक्षणाच्या तासाला शिकवलं होतं. आणि मी लिहितो डाव्या हातानं.

अडचण आली ती फॉर्म भरताना. पॅनकार्ड वकीलसाहेबांचं दिलं, तो प्रश्न सुटला. पण खाली एक रकाना होता : ‘दात्याचे नाव (फलकावर हवे तसे)’. रिकामा ठेवला तर फॉर्म परत येणार. आठ नावं त्यात मावत नव्हती, आणि आठांपैकी एकालाही आपलं लिहू द्यायचं नव्हतं. सभेच्या सुरुवातीला याच माणसांना खुर्चीची पाठ हवी होती, हे सांगून खरं वाटणार नाही. शेवटी मास्तरांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं : ‘माजी विद्यार्थी, मु. पो. खेड, जि. रत्नागिरी’.

मुलगी मुंबईला गेली. खोली मिळाली. गणपतीला आली होती तेव्हा मास्तरांना भेटून गेली. पैसे कुणी दिले असं विचारत होती. मास्तर म्हणाले, “तुझ्याच बाजूचे आहेत.” आता पुढची कैक वर्षं खेडच्या बाजारात ती आमच्याकडे संशयानं बघणार. बघू दे.

मागल्या महिन्यात कॉलेजची पावती आली. सोबत चिटणिसांचं पत्र, कमानीसाठी नवं आवाहन, आणि लखोट्यावर टाइप केलेलं नाव : ‘श्री. माजी विद्यार्थी, मु. पो. खेड’. पोस्टमन नवा पोरगा. दारात उभा राहून लखोटा उलटासुलटा करत म्हणाला, “काका, हे माजी विद्यार्थी कोण? कुठे राहतात? सगळीकडे विचारून आलो.”

मी त्याला तात्यांचं घर दाखवलं.